चाकावरचा गेरू

कुरखेडा,
रविवार, ९ फेब्रुवारी १९५८

चि. वच्छलास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र शुक्रवारी मिळाले. त्यात तू माझ्याकडे दोन ओळी लिहून मागितल्यास, म्हणून हे लिहावे लागते आहे. एरवी लिहिले नसते. सव्वीस जानेवारीला इथे जे झाले, त्याची मला किळस आली आहे आणि ती कागदावर उतरवण्यात काही सुख नाही.

इकडे सर्व ठीक. थंडी सरत आली. सहावीत पंधरा मुली टिकल्या, इथल्या मानाने पुष्कळ. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. सदाशिवरावांच्या बदलीचे काय झाले ते तू कळवले नाहीस. तुझ्या पत्रात बदली नाही, गुडघा नाही, फक्त तुझा लेक आहे, दिगू.

तू लिहितेस, "ताई, एवढेच लिहून दे की तू तपासलेस तेव्हा चाकाला पाचही नट घट्ट होते. तू लिहिलेस की पुढे कोणी विचारणार नाही. त्या लच्छूचे गुरुवारी कोर्टात काय व्हायचे ते होईल, पण आपल्या दिगूवर बालंट नको."

तो लच्छू. तू त्याला पाहिलेले नाहीस. गुणवंतरावांच्या लाकडाच्या ठेक्यावर तो मिस्त्री आहे, गोंड आहे, वय असेल पस्तीस. दिगू ज्या जीपवर देखरेखीचे काम करत जंगलात फिरतो, ती जीप लच्छूच्या हातावर चालते. पावसाळ्यात भामरागडच्या बाजूला गाडी अडकली, तेव्हा हाच माणूस दोन नाले ओलांडून स्प्रिंगचा नवा पाटा खांद्यावर घेऊन गेला होता. दिगूनेच मला सांगितले होते, मोठ्या कौतुकाने. आता तो दहा दिवस कोठडीत आहे. जाणूनबुजून चाक ढिले करून माणसाला जायबंदी केले, असा आळ आहे. शाबीत झाला तर वर्षे जातील.

सव्वीस तारखेच्या शर्यतीला तू 'मोटारींचा खेळ' म्हणतेस. दिगूने तुला काय सांगितले असेल ते मी ओळखू शकते. मी नियमांपासून सांगते, कारण नियम मी लिहिले.

धान निघाले की इकडे शंकरपट भरतो, हे तुला ठाऊक आहे. बैलजोड्या धावतात, वीस गावची माणसे येतात. यंदा गुणवंतरावांच्या डोक्यात आले की बैलांनंतर जीपा पळवायच्या. लष्कराच्या लिलावातल्या दोन जुन्या जीपा त्यांच्याकडे आहेत, त्यांतली एक दिगू चालवणार होता. पलीकडच्या ठेकेदाराकडेही एक आहे, ती देवाजी चालवतो. दोघा ठेकेदारांचे लाकडावरून जुने वाकडे. गुणवंतराव माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुमी नियम लिहून द्या. तुमचा कागद असला म्हंजे कोणी कटकट नाई करत."

मला बरे वाटले. खोटे कशाला लिहू.

वाट होती पीक निघालेल्या धानाच्या बांध्यांच्या भोवतीची, दीडेक मैलाची, तीन फेऱ्या. दोन्ही बाजूंना मातीचे धुरे, मधे बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. तीत एकाच गाडीला जागा. पुढच्या गाडीला मागे टाकायचे तर एकच ठिकाण, बोडीच्या काठाचा रुंद तुकडा, तळ्यावर जनावरे उतरतात तिथला. मी लिहिले: ओलांडणे फक्त बोडीच्या काठी. ओलांडणाऱ्याने उजवीकडून जावे. पुढच्याने उजवी बाजू मोकळी सोडावी, आडवी गाडी घालू नये. घातल्यास बाद.

दुसरा मोठा नियम चाकाचा. तीन फेऱ्यांत एकदा थांबून एक चाक बदलायचेच. ही कल्पना गुणवंतरावांची. "जंगलात चाक बसलं का मिस्त्रीची वाट पाहात बिडी ओढणारा डायवर मले नको," असे ते म्हणाले. मला ती पटली. कोणते चाक, ते चिठ्ठीने ठरले: मागचे डावे. लच्छू हसला. म्हणाला, "वाईट निघालं, बाई. या जीपचे डावे नट उलटे फिरते. दुसरीकडचा नट इथी बसत नाई. घाईत मानूस चुकते." त्याने मला एक नट हातात दिला आणि त्यावरची खूण दाखवली. मी तोही नियमात लिहिला: डावे नट वेगळ्या डब्यात.

आणि गेरू. पटात एक जुनी रीत आहे. गाडी सुटण्याआधी नानाजी, ते आता सत्तरीला आले असतील, प्रत्येक गाडीचे चाक दोन्ही हातांनी धरून हलवतात, आसाला कान लावतात, मग गेरूत बोट बुडवून चाकावर ठिपका देतात. ठिपका लागला की चाकाबद्दल कोणी बोलायचे नाही. हरल्यावरही नाही. चाळीस वर्षे त्यांचा ठिपका चालतो. मी तो नियमात घेतला, पण शहाणपणाने सुधारून घेतला. हलवणे वगैरे काढून टाकले. लिहिले: पंचाने पाच नट पान्याने तपासावे, कागदावर आकडा व सही करावी, गेरू लावावा. गेरू लागल्याशिवाय गाडी हलणार नाही. पंच मी. नानाजी मदतीला, कारण त्यांना लिहिता येत नाही.

नानाजी ऐकून घेऊन म्हणाले, "बरं हाय. पन बाई, चाक हालवून पाहा लागते. पाना खोटं बोलते, चाक नाई बोलत."

"नानाजी, पान्याला तोंड नसते," मी म्हणाले. सगळे हसले. नानाजीही हसले, पण मग चुन्याची डबी काढून तिकडे बघत बसले.

त्या दिवशीचे थोडक्यात असे. दिगूची जीप पहिल्या फेरीनंतर चाक बदलायला आली. लच्छूने चाक बदलले. मी गेरू लावला. जीप निघाली. बोडीच्या काठी मागचे डावे चाक निखळले आणि उतारावरून लोकांत गेले. कडेला मुखरू बसला होता, दुसऱ्यांच्या शेतात नांगरकी करून राहणारा. चाक त्याच्या पायावर गेले. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून काढला. दिगूला खरचटले.

हे इतके सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यानंतर जे सुरू झाले ते बघून मला जेवण जात नाही. मुखरूला बैलगाडीत घालून नेईपर्यंत गुणवंतराव लाउडस्पीकरवर शांत राहा, शांत राहा म्हणत होते आणि मधूनच जय हिंद म्हणत होते. माणसे चाकाभोवती जमली. दोन बोल्ट तुटलेले, उरलेल्या तिन्हींचे आटे धड. म्हणजे तीन नट जागेवर नव्हते. नव्हते तर गेले कुठे? संध्याकाळच्या आत उत्तर तयार झाले. बाईंच्या कागदावर पाच आहेत. बाईंची सही आहे. चाकावर बाईंचा गेरू आहे. बाई खोटे लिहिणार नाहीत. तेव्हा बाईंनी तपासल्यावर, शेवटचा हात फिरवतो म्हणून पाना लावून लच्छूने ते तीन नट ढिले केले. उलटे फिरतात, बाईंना काय कळणार. देवाजीच्या लोकांनी त्याला फितवले. आणि जीप निघाल्यावर तो मूठ वर करून मागे धावत होता, हे दोनशे लोकांनी पाहिले. करामत साधली म्हणून नाचत होता म्हणे.

किती सुरेख बसले बघ. एक आकडा आणि त्याभोवती सगळे गाव.

देवाजी आपल्यावरचे फितवण्याचे बालंट ऐकून खळ्यावर उभा राहून ओरडला, "अबे, मले जिंकाचंच असतं तर मी जितलोच होतो! मागून येऊन राह्यलो होतो ना मी!" कोणी ऐकले नाही. गुणवंतरावांनी मात्र मला घरी सोडायला स्वतःची दुसरी जीप दिली, सीटवर घोंगडी अंथरून. तेव्हापासून रोज सकाळी ती जीप शाळेच्या दारात येते, बाईंना कुठे जायचे आहे का विचारायला. मी कुठेही जात नाही.

दिगू तिसऱ्या दिवशी तुझ्याकडे निघून आला. जाताना पाया पडला. मुखरूला भेटलास का, विचारले, तर म्हणाला, "गर्दी असेल, मावशी." दवाखान्यात गर्दी! नऊ वर्षांचा असताना तू त्याला माझ्याकडे ठेवलेस. आठ वर्षे मी त्याला वाढवले. पाढे न म्हणताच म्हटले असे सांगितले म्हणून एकदा मी त्याला दिवसभर ओसरीवर उभे केले होते. तू किती रडली होतीस तेव्हा. मी म्हणाले होते, आज रडू दे, पुढे रडावे लागणार नाही.

फौजदार माझ्याकडे आले होते. चांगले, सभ्य गृहस्थ. त्यांनी सांगितले, लच्छू एकच म्हणतो: तीन नट बसलेच नव्हते, बाईला विचारा. ते मला विचारायला आले. मी म्हणाले, "कागदावर जे आहे ते आहे." ते नमस्कार करून गेले.

आज सकाळी लच्छूची बायको आली. बुधरी नाव. पाच कोस चालून आली होती. ओसरीवर बसायला सांगितले तर बसली नाही. पदराच्या गाठीतून तीन नट काढले आणि माझ्या टेबलावर दौतीशेजारी ठेवले.

"कुठे होते हे?" मी विचारले.

"त्याच्या मुठीत. तसाच घरी आला. मले देल्लन. मी मोहाच्या मडक्यात लपवलो, पोलिस घर पाह्यले तरी त्याइले नाई सापडले."

"मग आता का आणलेस?"

"तो म्हंते बाईले दे. बाई सांगन." मग माझ्याकडे जरा बघून म्हणाली, "तुमी तं तिथीच होत्या नं, बाई? तो वरडला थे आयकलं असन तुमी."

मी म्हणाले, चहा घे. ती म्हणाली, नको, दूर जायचे आहे. दारापर्यंत गेली, परत वळली आणि म्हणाली, "मी थांबू का? का तुमी लिहून राह्यल्या?"

मी लिहीतच होते. तुला, हे पत्र. ती गेली.

नट समोर आहेत. तिन्हींवर ती खूण आहे. पुढचे उद्या लिहीन.


सोमवार, सकाळ

वच्छी, कालचे सगळे मी पुन्हा वाचले. त्यात एक शब्दही खोटा नाही आणि तरी ते खरे नाही. 'लच्छूने चाक बदलले. मी गेरू लावला. जीप निघाली.' शाळेत एखादीने असे लिहिले असते तर मी तिला विचारले असते, बाई, मधले कुठे गेले?

मधले आता घे.

आधी हे, की डाव माझा होता. पंच मी, आणि डावही माझा. शर्यतीआधी आठ दिवस दिगू रोज संध्याकाळी येऊन बसायचा. देवाजीची जीप पहिली सुटणार हे चिठ्ठीने ठरले होते. दिगू म्हणायचा, "मावशी, त्याच्या मागे धूळ खात बसलो की झालं. दिसत नाही, ओलांडायला एकच जागा, तिथेही तो जागा देणार नाही." मी शाळेच्या खेळांचे स्टॉपवॉच घेऊन त्याच्या जीपच्या दोन फेऱ्या मोजल्या. मोकळ्या वाटेवर सव्वाचार मिनिटे. दुसऱ्या गाडीच्या धुळीत पाच. लच्छूला चाक बदलायला एक मिनिट पन्नास. देवाजीच्या मिस्त्रीला दोन मिनिटांच्या वर. पाटीवर मांडून मी त्याला दाखवले: रस्त्यावर ओलांडूच नकोस. पहिल्या फेरीनंतरच चाक बदलून घे. मग दुसरी फेरी मोकळ्या वाटेवर, धूळ नाही. दुसरीनंतर देवाजी चाक बदलायला थांबला की त्याला उभ्या उभ्या ओलांड. एकदा तू पुढे गेलास की धूळ त्याच्या तोंडात.

दिगूने पाटीकडे पाहून टाळी वाजवली. "मावशी, तू पुरुष असतीस तर!"

एकतीस वर्षांपूर्वी नागपुरात बी.ए.ला गणितात पहिली आले, तेव्हापासून कोणी माझ्या गणिताला टाळी वाजवली नव्हती. मी त्याला बेसनाचा लाडू दिला. मला वाटले नाही की यात काही वावगे आहे.

सव्वीस तारखेला पहिली फेरी संपली आणि माझे गणित चुकले. देवाजीही पहिल्याच फेरीनंतर आत आला. त्याला कोणी सांगितले की त्याचे त्यानेच ओळखले, कोण जाणे. दोन्ही जीपा शेजारी शेजारी जॅकवर चढल्या. आता जो आधी सुटेल तो पुढे, आणि पुढचा तो शेवटपर्यंत पुढे. पंच दोघे. मी दिगूच्या जीपेकडे गेले. नानाजी आपोआप देवाजीकडे उरले. मी कोणीकडे गेले हे आजवर एकानेही विचारलेले नाही.

कागदावर मी आकडा आधीच भरून ठेवला होता. पाच. सहीसुद्धा. वेळ वाचावा म्हणून. शाळेत हजेरीचेही मी तसेच करते, सगळ्या हजर मांडून ठेवते आणि मग गैरहजर खोडते. सवय.

लच्छूने जुने चाक काढले, नवे चढवले. डाव्या नटांचा डबा उघडला. एक नट बसवला, आवळला. दुसरा बसवला, आवळला. दिगू जीपमध्ये चढून बसला होता, इंजिन चालू करून. तेही नियमाविरुद्ध. शेजारी देवाजीच्या मिस्त्रीचे पाचही बसले होते. तो बाजूला झाला आणि नानाजी वाकले, दोन्ही हातांनी चाक धरून हलवू लागले. एकदा, दोनदा. देवाजी ओरडत होता, "नानाजी, लावा ना आता!" नानाजी म्हणाले, "थांब रे. चाक बोलून राह्यलं, आयकू दे."

दिगूने मान बाहेर काढली. "मावशी, लाव! तो चालला! लाव ना!"

लच्छू उरलेले तीन नट मुठीत घेऊन वाकलेला होता. त्याने वर बघितले. म्हणाला, "थांबा बाई, तीन राह्यले!"

इंजिन ओरडत होते. दिगूने ते ऐकले की नाही, मला ठाऊक नाही. मी ऐकले. तीन राह्यले. मी ते शब्द ऐकले, त्यांचा अर्थ मला कळला, पाच वजा तीन हे गणितही मला येते. आणि माझे बोट गेरूच्या डबीत होते. नानाजींचे बोट अजून डबीकडे गेले नव्हते. मला ते दिसत होते. मला दिसत होते की आपण पुढे आहोत.

मी ठिपका दिला. दिगूने जॅक पडायचीही वाट पाहिली नाही.

लच्छू मूठ वर करून जीपच्या मागे धावला. तो नाचत नव्हता. त्या मुठीत तीन नट होते, ते दिगूला दाखवत धावत होता. दोनशे लोकांनी पाहिले. मुठीत काय आहे हे माझ्याखेरीज एकालाही माहीत नव्हते. मी उभी होते. हाक मारली असती तर दिगू माझा आवाज ओळखतो. मी घड्याळाकडे बघितले. एक मिनिट बेचाळीस सेकंद, आठ सेकंदांची बचत.

बोडीच्या काठी काय झाले ते मी दुरून पाहिले. देवाजी धुळीतून बाहेर आला, उजवीकडून ओलांडायला लागला आणि दिगूने जीप आडवी घातली. माझ्याच नियमाविरुद्ध. त्या हिसक्याने नट असलेले ते दोनच बोल्ट तुटले. चाक उतारावर गेले तेव्हा त्याच्यावरचा ठिपका फिरताना दिसत होता. तो मला आता डोळे मिटले की दिसतो.

मग गुणवंतराव कागद मागायला आले. मी दिला, वाचून त्यांनी परत केला. खोडला नाही. फौजदार आले, मी म्हणाले कागदावर जे आहे ते आहे. आणि सगळ्यांत किळस कशाची येते सांगू? लच्छू कोठडीत बसून म्हणतो, बाईला विचारा. मी खोटे बोलत नाही म्हणून तो आत आहे, आणि मी खोटे बोलत नाही म्हणूनच सुटेन असे त्याला वाटते आहे. दहा दिवस. मी इथे पंधरा मुलींना शुद्धलेखन घालत होते.

गेरू नखातून निघत नाही. चिंचेने घासले, राखेने घासले. अजून तांबडे आहे.

तू लिहिले आहेस, दिगूचे आयुष्य आहे, लग्न ठरते आहे, आपला म्हणून विचार कर. केला. पंधरा दिवस त्याचाच केला. तुझ्या मुलाला मी एकदा पाढ्यांसाठी दिवसभर उभे केले. मला कोणी कधी उभे केले नाही, तिथेच चुकले असावे. तो इथे परत येईल आणि फौजदारांना सांगेल की गेरू लागण्याआधी इंजिन चालू होते आणि गाडी त्याने आडवी घातली. नाही आला तर ते मी सांगणार आहेच, पण मग माझ्या दारात येऊ नको म्हणावे. आणि मुखरूला भेटायला जावे. गर्दी नाही. मी आज दुपारी जाते आहे. गुणवंतरावांच्या जीपने नव्हे, प्रवासी मोटारीने.

शाळेचा राजीनामा टेबलावर लिहून ठेवला आहे. मुलींना काय सांगायचे ते सांगेन. त्यांना हिशेब लवकर कळतो.

तुला दोन ओळी हव्या होत्या. या घे. अशाच आज उजाडताच ठाण्यात जाऊन फौजदारांना दिल्या आहेत, गुरुवारी कोर्टातही उभी राहून याच सांगेन:

चाकाला दोनच नट होते.
मी ते ऐकले, आणि गेरू लावला.

हे पत्र सदाशिवरावांना वाचून दाखव. दिगूच्या हाती दे, त्याला वाचून दाखवू नको. ते त्याने स्वतः वाचावे.

तुझी, आणि आता कोणाची पंच नसलेली,
सुगंधाताई


ता. क. आज सकाळी ठाण्यात जे दिले त्याची नक्कल सोबत. एक प्रत नानाजींकडे ठेवली. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी दोनदा वाचून दाखवली. ते ऐकून त्यांनी खाली अंगठा उठवला.

कुरखेडा, १० फेब्रुवारी १९५८. खाली सही करणारी सुगंधाबाई हिने स्वहस्ते जमा केलेल्या वस्तू:

नट, तीन, डाव्या चाकाचे, खूण असलेले. बुधरी, लच्छूची बायको, हिने आणून दिले. लच्छूने ते बसवण्याआधीच गाडी सोडली गेली.

पंचाचा कागद, एक. त्यावरचा पाचचा आकडा मी आज खोडून तिथे दोन लिहिले आहे व शेजारी सही केली आहे. मूळ आकडा खोडाखाली वाचता येतो.

शाळेचे स्टॉपवॉच, एक. एक मिनिट बेचाळीसवर थांबवलेले. चावी दिलेली नाही.

गेरूची डबी, एक, अर्धी.

पाना, एक, पंचाला नट तपासण्यासाठी दिलेला. त्या दिवशी वापरला गेला नाही.